मदत हवी आहे: रायझेन ५ ७६०० की कोअर आय५ १४४००एफ? (कोपरखैरणे)

ताळेबंद
नमस्कार मंडळी. जुना पीसी बदलायचाय, नवा प्रोसेसर कोणता घ्यावा यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सध्याचा संसार: कोअर आय३ ९१००एफ, एच३१० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ २६६६ रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, साटा एसएसडी, १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर, ४५० वॅटचा साधा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), ६०० व्हीएचा यूपीएस. दिवसभर टॅली, जाडजूड एक्सेल फायली, जीएसटी पोर्टल आणि क्रोमचे पंचवीस-तीस टॅब. रात्री व्हॅलोरंट (ऑनलाइन नेमबाजीचा गेम), सुट्टीत कथानकवाले मोठे गेम. व्हॅलोरंटमध्ये धुमश्चक्री सुरू झाली की फ्रेम (सेकंदाला उमटणारी चित्रं) धाडकन पडतात.

बजेट ६०,०००. दुकानदार म्हणतो १४४००एफ घ्या, त्यात १० कोअर आहेत, रायझेनमध्ये सहाच. नेटवर जो तो ७६०० म्हणतोय. कोणाचं ऐकू?

खाडीकाठी
१० विरुद्ध ६ हे गणित फसवं आहे. १४४००एफमध्ये ६ मोठे कोअर आणि ४ छोटे, मिळून १६ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). ७६०० मध्ये सहाही कोअर सारख्याच ताकदीचे, १२ थ्रेड. वेग ७६०० चा ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, १४४००एफचा ४.७ पर्यंत. आणि गेमसाठी महत्त्वाचं म्हणजे एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी जलद मेमरी): ३२ एमबी विरुद्ध २० एमबी. गेमला दर फ्रेमला तोच तो डेटा पुन्हा पुन्हा लागतो. तो कॅशमध्ये सापडला नाही की प्रोसेसर रॅमकडे हात पसरून थांबतो आणि नेमकी तिथे फ्रेम अडखळते. म्हणून गेममध्ये ७६०० पुढे. व्हिडिओ एक्स्पोर्ट, कोड कंपाइल करणं अशा सगळे थ्रेड राबवणाऱ्या कामांत १४४००एफ थोडा पुढे.

टॅली आणि एक्सेलला दोन्ही सारखेच धावतील. एक्सेलची सूत्रं अनेक थ्रेडवर वाटली जातात, पण मॅक्रो एकाच थ्रेडवर चालतात. म्हणजे मॅक्रो जास्त असतील तर कोअर मोजून काही हाती लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. ७६०० बसतो एएम५ बोर्डावर आणि तिथे फक्त डीडीआर५ चालते. तुमच्या दोन्ही रॅम बाद. १४४००एफसाठी बी७६० बोर्ड डीडीआर४चे मिळतात आणि डीडीआर५चेही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कसे चढलेत ते बघताच आहात. त्यामुळे नुसत्या प्रोसेसरची किंमत विचारू नका, प्रोसेसर + बोर्ड + रॅम असा एकत्र भाव काढा.

आणि खरेदीआधी एक चाचणी करा. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयूचे (कार्डाचे) आकडे बघा. मग गेमच्या सगळ्या सेटिंग लो करून पुन्हा बघा. लो करूनही फ्रेम वाढल्या नाहीत तर दोष प्रोसेसरचा, वाढल्या तर कार्डाचा.

गिगाहर्ट्झ
एवढा विचार कशाला? १४४००एफ ज्यात बसतो त्या एलजीए१७०० सॉकेटचा प्रवास १४व्या पिढीबरोबर संपला, कोअर अल्ट्रा २०० साठी नवा एलजीए१८५१ सॉकेट आला. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. आज ७६००, तीन वर्षांनी त्याच बोर्डावर एखादा एक्स३डी (जास्त कॅशवाला, गेमसाठीचा). रॅम ६००० वेगाची, सीएल३० (कमी उशीर लावणारी), १६-१६ च्या दोन. विषय संपला.

ताळेबंद
चाचणी केली. व्हॅलोरंट: सीपीयू ९८-१०० टक्के, जीपीयू ५५-६०. सेटिंग लो केल्या, फ्रेम तेवढ्याच. मोठा गेम: जीपीयू ९९, सीपीयू ७०-८०. लो केल्यावर फ्रेम जवळजवळ दुप्पट.

थर्मलपेस्ट
आजार दोन निघाले. व्हॅलोरंटला ४ थ्रेडचा प्रोसेसर पुरत नाही आणि मोठ्या गेमला १६५० पुरत नाही. नुसता प्रोसेसर बदलून मोठ्या गेममध्ये काहीही हलणार नाही, अगदी ७८००एक्स३डी बसवला तरी.

६०,००० मध्ये ७६०० + बी६५० (एएम५चा बोर्ड) + ३२ जीबी डीडीआर५ घेतलं तर कार्डासाठी जे उरेल त्यात धड कार्ड येणार नाही. उलट डीडीआर४चा बी७६० बोर्ड घेतला तर रॅमचा खर्च शून्य आणि वाचलेले पैसे कार्डात. आरटीएक्स ५०६० किंवा त्याच्या आसपासचं काही बसतं का ते बघा. व्हॅलोरंटचं म्हणाल तर दोन्ही प्रोसेसर १४४ च्या बरेच वर जातात आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ३०० फ्रेम काय नि ४०० काय.

गिगाहर्ट्झ म्हणतात ते तत्त्वतः बरोबर आहे. कार्ड आधीच तगडं असतं आणि रॅम नव्याने घ्यायचीच असती तर मीही ७६०० च सांगितला असता. पण तीन वर्षांनंतरच्या बोर्डासाठी आज १६५० वर दिवस काढायला सांगणं पटत नाही. आणि पैसे वाचवायला एएम५वर ८-८ जीबीच्या दोन डीडीआर५ घेऊ नका. त्या काड्यांवर चिपा कमी असतात, बँक ग्रुप (चिपेतले स्वतंत्र कप्पे) निम्मे, त्यामुळे वेगही मार खातो.

बोर्ड एच६१० नको. त्यातल्या बऱ्याच बोर्डांचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) तोकडे असतात आणि १४४०० ने जोर लावला की वेग खाली येतो.

घोडबंदर_रोड
सगळे १४४००एफ लिहिताहेत. त्या एफकडे बघा जरा! एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. कार्ड गेलं की पडदा काळा, बोर्डावरचं एचडीएमआय नुसतं शोभेला. ताई दिवसभर जीएसटीचं काम करतात. १९ तारखेला रात्री कार्ड गेलं तर २० तारखेला ३बी (जीएसटीचं मासिक विवरणपत्र) कशावर भरणार? एफ नसलेला साधा १४४०० घ्या, त्यात यूएचडी ७३० आहे. कार्ड वॉरंटीला गेलं तरी काम थांबत नाही. ७६०० मध्येही आतलं ग्राफिक्स आहे, पण ७५००एफमध्ये नाही. दुकानदार "तेच ते" म्हणून तो गळ्यात मारतात.

साधा १२४०० बराच स्वस्त मिळत असेल तर तोही चालेल. मोठे कोअर तेवढेच सहा, फक्त छोटे चार नाहीत आणि वेग ४.४ पर्यंत.

ताळेबंद
एफचं लक्षातच आलं नव्हतं. मग साधा १४४०० + बी७६० डीडीआर४ पक्का. एक शंका: रॅम २६६६ ची आहे, अडचण येईल का? आणि बातम्यांत १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात असं वाचलं होतं.

खाडीकाठी
तो घोळ मुख्यतः १३६००के / १४६००के आणि त्यावरच्या चिपांचा. इंटेलने ज्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली त्या यादीत १४४०० नाही. तरी बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करूनच वापरा, २०२४ मध्ये त्यासाठीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) आलेत. बोर्ड दुकानात बराच काळ पडून असेल तर बायोस इतका जुना असू शकतो की १४४०० ओळखतच नाही. यूएसबीवरून प्रोसेसरशिवाय बायोस चढवायची सोय असलेला बोर्ड बघा, नाहीतर दुकानातच अपडेट करून घ्या.

२६६६ वर गेम थोडे मागे राहतील. बायोसमध्ये १.३५ व्होल्ट देऊन २९३३, मग ३२०० करून बघता येतं. प्रत्येक टप्प्यावर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी मागे या. टॅलीचा डेटा बिघडण्यापेक्षा दहा फ्रेम गेलेल्या परवडल्या. आणि ३६०० ची नवी रॅम घेण्याच्या फंदात पडू नका. नावात के नसलेल्या चिपांत मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळे एवढ्या वेगाला गिअर १ मध्ये (कंट्रोलर रॅमच्याच वेगाने चालतो तेव्हा) त्या बऱ्याचदा अडखळतात.

थर्मलपेस्ट
आता वीज. १४४०० गेममध्ये ८० वॅट धरा, ५०६० चं कार्ड १४५, बाकी सगळं ५०, मॉनिटर २५. झाले ३००, वर एसएमपीएसमधली घट. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुतेक ३६० वॅट लिहिलेले असतात, पण बॅटरी जुनी असेल तर महावितरणची वीज गेल्या क्षणीच तो पीसीला घेऊन बसतो. १००० व्हीए घ्या आणि व्हीए न बघता मागच्या लेबलवरचे वॅट बघा. साधा ४५०चा एसएमपीएसही बदला. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅट ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा) पुरे.

आणखी एक. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत गाळणीचे कपॅसिटर अर्थशी जोडलेले असतात, अर्थ तुटली की त्यांच्यातून थोडा दाब पत्र्यावर येतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. आधी सॉकेट नीट करून घ्या.

घोडबंदर_रोड
जोडणीत लोक हमखास चुकतात ती जागा म्हणजे इंटेलच्या डब्यातला पंखा. त्याला स्क्रू नसतात, चार खिट्ट्या दाबून बसवायच्या. चौथी अर्धवट राहते, पंखा मात्र बसल्यासारखा दिसतो आणि पीसी चालू करताच तापमान १०० ला. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर असतानाच समोरासमोरच्या खिट्ट्या आधी दाबा, मग बोर्ड उलटा करून बघा. पांढऱ्या पायांच्या मधून काळी टोकं चारही ठिकाणी बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. वर डावीकडे ८ पिनांची सीपीयूची वायर, कार्डाची ८ पिनांची वेगळी. जोर लावावा लागतोय म्हणजे वायर चुकीची आहे.

सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात. दुकानातच झाकण उघडून सॉकेटचा फोटो काढा. वाकलेली पिन घरी आल्यावर दिसली तर ती तुम्हीच वाकवली असं धरलं जातं.

बायोसमध्ये पीएल१ (प्रोसेसरने सतत किती वॅट घ्यायचे ती मर्यादा) बघा. बरेच बी७६० बोर्ड ती मोकळी सोडतात आणि डब्यातला पंखा मे महिन्यात किंचाळायला लागतो. ९० वॅटच्या आसपास बांधून टाका, गेममध्ये फरक जाणवणार नाही.

ताळेबंद
विंडोज पुन्हा टाकावं लागेल का? जुनी एसएसडी तशीच लावली तर?

खाडीकाठी
लावू शकता, पण आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये विभागणी एमबीआर (जुनी पद्धत) आहे की जीपीटी (नवी) ते बघा. एमबीआर असेल तर नव्या बोर्डावर बूट होईलच असं नाही. बॅकअप घेऊन जुन्याच पीसीवर ती जीपीटीत बदला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. विंडोजचा परवाना बोर्डाशी बांधलेला असतो, म्हणून तो आधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा सोयी लागतात. बायोसमध्ये टीपीएमचं नाव पीटीटी असं दिसेल.

माझं विचाराल तर तुमच्या कामाच्या पीसीवर विंडोज नव्याने टाकलेलं बरं.

थर्मलपेस्ट
आणि टॅली! परवाना त्या मशीनला जोडलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी टॅलीत जाऊन लायसन्स सरेंडर करा, मग नव्या पीसीवर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. डीएससी (डिजिटल सही) टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही करायचं सॉफ्टवेअर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

ताळेबंद
सगळ्यांचे आभार. साधा १४४००, बी७६० डीडीआर४, ५५० वॅटचा एसएमपीएस, १००० व्हीएचा यूपीएस, उरलेल्यात जे बसेल ते ८ जीबीचं कार्ड. रविवारी लॅमिंग्टन रोड गाठते की वाशीतच घेऊ?

घोडबंदर_रोड
रविवारी लॅमिंग्टन रोडला बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी जा. वाशीतही भाव काढा. फरक थोडाच असेल तर जवळचंच बरं, बोर्ड बदलायची वेळ आली तर हेलपाटा वाचतो. प्रोसेसर डब्यातलाच घ्या, ट्रेचा (बिनडब्याचा, सुटा) नको. डब्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रेची जबाबदारी फक्त विकणाऱ्याची. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. आणि तुमचा जीएसटी नंबरही घाला, हे तुम्हाला सांगायला नको.

ताळेबंद
:-) २० तारीख उलटली की उघडते कॅबिनेट.