मदत हवी आहे: घरशाळेतली मुलं रानात बघतात खूप, पण हाती काही राहत नाही

माळावरची:
नमस्कार मंडळी. मुलगी १० वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. घरशाळेचं दुसरं वर्ष. राहणं मुळशी तालुक्यात. घरामागे माळ, दहा मिनिटांवर ओढा, ओढ्यापलीकडे देवराई. सकाळी सात ते साडेदहा चौघंही बाहेर, दुपारी घरात वाचन आणि गणित.

अडचण अशी की बघून होतं भरपूर, पण महिन्याने 'काय शिकलात?' विचारलं तर उत्तर येतं, 'खेकडा बघितला.' वह्या तीन सुरू झाल्या, तिन्ही पाचव्या पानावर थांबल्या. शिवाय:

१. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं आणि पर्जन्यमापक केला. तो गच्चीवर ठेवला आहे. जवळच्या हवामान केंद्रावर ७२ मिमी नोंद झाली त्या दिवशी आमच्याकडे ४१. रोज कमीच भरतो.
२. कढीपत्त्यावरच्या पाच अळ्या झाकणाच्या बरणीत ठेवल्या. दोन काळ्या पडून मेल्या, दोन पळाल्या, एकीचा कोष झाला. त्यातून फुलपाखरू आलं, पण पंख चुरगळलेले.
३. ओढ्यावर नेमकं काय करायचं? दगड उचलायचा, बघायचं, ठेवायचा, एवढंच होतं.
४. पुढे परीक्षेचं काय?

पुस्तकांची यादी नको, नेमकं काय करायचं ते हवं आहे.

पागोळी:
क्र. १ चं सांगतो. बाटलीच्या मापकात चुका तीन. बाटलीचा तळ फुगीर-खळगेदार असतो, त्यामुळे पहिले दोन-तीन सेंमी पट्टीने मोजण्यात अर्थ नाही. मधे खाचा आणि कंबर असते, तिथे व्यास बदलतो. आणि तिसरी चूक म्हणजे गच्ची. वारा कठड्यावर आदळून वर उसळतो आणि थेंब मापकाच्या तोंडावरून उडून जातात. तुमचा आकडा रोज कमी भरतोय तो बहुतेक याचमुळे.

पट्टीने उंची मोजायचं सोडा, पाण्याचं आकारमान मोजा. सामान:

– 'चार इंची' पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा (हार्डवेअरच्या दुकानात तुकडे पडलेले असतात)
– १० सेंमी तोंडाचं प्लॅस्टिकचं नरसाळं
– ५ लिटरचा पाण्याचा कॅन
– एम-सील, आणि सुई काढलेली १० मिलीची सिरिंज किंवा औषधाचं मापाचं टोपण

पाइप बाहेरून ११० मिमी असतो, आतला व्यास जाडीप्रमाणे बदलतो. समजा आतून १०.४ सेंमी भरला, तर क्षेत्रफळ साधारण ८५ चौरस सेंमी. म्हणजे ८.५ मिली पाणी जमलं की १ मिमी पाऊस. हे भागाकार मुलीकडे द्या. दशांश अपूर्णांक शिकवायला यापेक्षा बरी सबब मिळणार नाही.

नरसाळं पाइपच्या खालच्या टोकाशी, पाइपच्या आत बसलं पाहिजे आणि त्याची नळी कॅनच्या तोंडात. ते पाइपाबाहेर डोकावलं तर बाहेरचं पाणीही आत जातं आणि आकडा फुगतो. १५ सेंमीची उभी भिंत एवढ्यासाठी की उथळ नरसाळ्यात पडलेला टपोरा थेंब उसळून बाहेर जातो. पाइपच्या बाहेरून ओघळणारं पाणी कॅनमध्ये उतरू नये म्हणून कॅनच्या तोंडाशी नळीभोवती एम-सील लावा, पण सुईने हवेला एक भोक ठेवा. हवा अडली की नरसाळं तुंबतं.

कॅन अर्धा जमिनीत पुरा. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर राहू द्या, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत जाणार नाहीत. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडा. वाचन रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असतो. तुम्ही सातला वाचलंत तर तुमचा आणि त्यांचा दिवस जुळणार नाही, आणि मग मापक चुकीचा वाटेल. साडेआठला रानात असता, तर वाटेतच माळावर पुरा.

नोंदीसाठी हवामान खात्याच्या पायऱ्या घ्या: २४ तासांत ६४.५ मिमीपासून 'मुसळधार', ११५.६ पासून 'अति मुसळधार', २०४.५ पासून 'अत्यंत मुसळधार'. सात वर्षांच्या मुलाला आलेखाच्या कागदावर १ सेंमी म्हणजे १० मिमी अशी निळी पट्टी रंगवू द्या. बेरीज महिन्याची करता, तशी नक्षत्राचीही करा. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुढचं प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं. गावातली म्हातारी माणसं 'यंदा पुष्य कोरडा गेला' म्हणतात तेव्हा मुलांच्या वहीत त्याचा आकडा असेल.

रिकामी ओंजळ:
+१. अवांतर: कॅनवर गडद फडकं गुंडाळा. उन्हात शेवाळ धरतं.

कोषातून:
क्र. २. कढीपत्त्यावर बहुतेक वेळा कॉमन मॉर्मन किंवा लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या असतात. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, शेवटच्या कातीनंतर हिरव्या होतात. डिवचलं की डोक्यामागून दुभागलेलं नारिंगी-लाल शिंग बाहेर येतं, त्याला उग्र वास असतो. तो मुलांना एकदा घेऊ द्या, रोज डिवचू देऊ नका.

काळ्या पडून मेल्या त्याची दोन कारणं संभवतात. बाजारातला कढीपत्ता घातला असेल तर त्यावर फवारणी असते, धुऊनही भरवसा नाही. किंवा झाकणबंद बरणीत पानांची वाफ काचेवर साचली, विष्ठेला बुरशी लागली आणि अळीला रोग झाला. बरणी नकोच. भाजीची प्लॅस्टिकची टोपली उलटी ठेवा किंवा कपडे वाळत घालायच्या जाळीच्या पिशवीत डहाळी ठेवा. डहाळी लहान बाटलीत पाणी घालून उभी करा, पण बाटलीच्या तोंडात कापूस गच्च कोंबा. अळ्या देठावरून खाली उतरतात आणि पाण्यात बुडून मरतात. खाली वर्तमानपत्र, रोज सकाळी बदलायचं. एका डहाळीवर तीनपेक्षा जास्त नकोत.

पळालेल्या दोन आजारी नव्हत्या. कोषाची वेळ झाली की अळी पातळ विष्ठा टाकते, खाणं सोडते आणि जागा शोधत भटकते. त्या दिवशी जाळीत पेन्सिलीएवढ्या जाड दोन वाळक्या काटक्या तिरक्या लावा.

पंख चुरगळण्याचं कारण भिंत. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख ओले, घडी पडलेले असतात. उलटं लटकून ते पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलतं आणि पंख उलगडतात. काच किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाय टिकत नाहीत. खाली पडलं आणि तासाभरात धरायला काही मिळालं नाही, की पंख तसेच वाळतात. कोषाच्या आजूबाजूला १० सेंमी मोकळी जागा आणि चढायला खरखरीत काटकी किंवा जाळी हवी. बाहेर येताना लालसर-तपकिरी थेंब टाकतं, ते रक्त नव्हे.

कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माशी किंवा गांधीलमाशीसारखा कीटक निघाला, तर तुमचं काही चुकलं नाही. त्याच्या आईने आधीच अळीत अंडी घातलेली असतात. मुलं हिरमुसतात, पण खरा धडा तिथेच आहे. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना-सव्वा महिना जातो. रोज एकाच वेळी अळीची लांबी पट्टीने मोजा (अळीला हात न लावता, पट्टी काटकीला समांतर धरून) आणि किती पानं संपली ते मोजा. शेवटच्या चार-पाच दिवसांत पानांचा आकडा जो उडतो तो बघण्यासारखा असतो.

रानातून अळ्या उचलून आणू नका. काही फुलपाखरांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि अळीवरून जात ओळखणं सोपं नाही. कुंडीतला कढीपत्ता आणि लिंबू पुरे.

एक मीटर:
मूळ दुखणं मात्र वहीत आहे. रोज नवी जागा बघितली तर तुलना करायला काही उरत नाही, म्हणून लिहायलाही काही उरत नाही. एकच चौरस मीटर जागा घ्या आणि दर पंधरा दिवसांनी तीच बघा.

माळावर १ मी × १ मी आखा. सुतळी वापरू नका, भिजली की आखडते. नायलॉनची दोरी ४ मीटर, दर मीटरला गाठ, चार कोपऱ्यांना लोखंडी खिळे. चारही बाजू १ मीटर भरल्या म्हणजे चौरस झाला असं नाही, तो समभुज चौकोनही असू शकतो. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १४१ सेंमी आले तरच चौरस. १४१ का, हे आत्ता सांगू नका, मुलीला दोन-तीन वर्षांनी पायथागोरस भेटेल तेव्हा हा आकडा आठवेल. खिळे ठोकलेलेच राहू द्या, त्यांच्या डोक्यांना रंग द्या, नाहीतर ऑगस्टमध्ये गवतात जागा सापडत नाही.

प्रत्येक वेळी फक्त चार गोष्टी लिहायच्या: वेगवेगळी रोपं किती प्रकारची (नाव येत नसेल तर 'केसाळ पान क्र. ३' चालेल), सर्वांत उंच रोप किती सेंमी, उघडी माती साधारण किती टक्के, आणि एक प्रश्न. जूनमध्ये टाकळ्याची रोपं उगवली की त्यातलं एक निवडून दोरा बांधा आणि तेवढंच शेंग धरेपर्यंत मोजा. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात, त्यासाठी एक फेरी दिवेलागणीला.

वही: कोऱ्या पानांची, पुठ्ठ्याची, २बी पेन्सिल. जेल पेन पावसात पसरतं. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. 'मुंग्या घाबरल्या' उजवीकडे, 'मुंग्या अंडी उचलून वर गेल्या' डावीकडे. मुलाला सुरुवातीला चूक होईल. होऊ द्या, फक्त बाण काढून वाक्य पलीकडच्या बाजूला न्या.

भर पावसात कागद नको. आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा. त्यावर पेन्सिल ओल्यातही उमटते. घरी येऊन वहीत उतरवा आणि झाकण पुन्हा घासा.

खेकड्याची वाट:
ओढा. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यात उतरूच नका. लोंढ्याने दगडाखालचे जीव तसेही वाहून गेलेले असतात, म्हणजे धोका पत्करून हाती काही नाही. सप्टेंबरअखेरीस धार कमी झाली, पाणी नितळ झालं की सुरू करा. पाणी धाकट्याच्या गुडघ्याच्या खाली असेल तिथेच.

सामान: पांढरा प्लॅस्टिक ट्रे, पिठाची चाळणी, मऊ ब्रश, भिंग. चाळणी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा. वरच्या बाजूचा मुठीएवढा दगड पाण्यातच चाळणीसमोर धरून हाताने चोळा, बरोबर एक मिनिट. असे पाच दगड. चाळणी ट्रेमध्ये उलटी धुवा. ट्रेमध्ये ओढ्याचंच पाणी, ट्रे सावलीत, दहा मिनिटांत परत सोडायचं. पाणी तापलं की हे जीव तडफडून मरतात. दगड होता तिथे, होता तसाच पालथा ठेवायचा, त्याच्या पोटाशी कुणाचं तरी घर असतं.

ओळखायला नावांची गरज नाही, शेपट्या मोजा. तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेला कल्ले हलत असतील तर मेफ्लाय या उडत्या कीटकाचं पिल्लू. दोनच शेपट्या आणि कल्ले पायांच्या मुळाशी असतील तर बहुधा स्टोनफ्लाय या दुसऱ्या कीटकाचं. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणारी कॅडिसफ्लायची अळी. हे तिघं भरपूर सापडले तर पाण्यात प्राणवायू चांगला. हे नाहीत आणि नुसत्या लाल वळवळत्या अळ्या, तर गडबड आहे. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूतही तगतात. वाडीच्या वर एक जागा आणि वाडीच्या खाली एक, दोन्हीकडे तेच पाच दगड. निबंधाचा विषय तयार.

न मोडायचे नियम: पाणी गढूळ झालं, काटक्या-फेस वाहायला लागला किंवा आवाज बदलला तर आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी बाहेर, ट्रे तिथेच सोडून. गमबूट ओढ्यात नको, आत पाणी भरलं की पाय उचलत नाही. पट्ट्याच्या सँडल घाला. पायाला जखम असेल त्या दिवशी पाण्यात नाही, साचलेल्या पाण्यात तर अजिबात नाही: लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा रोग). कपारीत हात घालायचा नाही, आधी काठी. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन करायचा आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात जायचं. ते कुठे ठेवतात हे आजच विचारून ठेवा. आणि रानभाज्या गावातल्या बाईबरोबरच ओळखा, ॲप बघून नाही. अळंबी कुणाबरोबरही नाही.

पाटीपेन्सिल:
क्र. ४ थोडक्यात. मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं. किमान पाच विषय, मराठी माध्यम आहे, नोंदणी पाच वर्षं टिकते. त्याआधी ३री, ५वी, ८वीच्या बरोबरीचे अ, ब, क स्तर आहेत. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही ५वी-८वीच्या बरोबरीची परीक्षा घेतं. मुलगी १० ची आहे, तेव्हा वहीतल्या नोंदींना महिना आणि विषय टाकायची सवय लावा. भूगोल-विज्ञानाची निम्मी तयारी तिथेच होते.

माळावरची:
सगळ्यांचे आभार. पाइप आणला. आतला व्यास एका दिशेने १०.३, दुसऱ्या दिशेने १०.५ भरतोय. कुठला धरायचा? मुलगी म्हणते दोन्ही चूक.

पागोळी:
मुलगी बरोबर आहे. तुकडे पडून पडून जरा लंबगोल होतात. व्यास सोडा, पाण्याने मोजा. ताटात घट्ट कणीक दोन सेंमी जाड थापा, पाइप त्यात उभा दाबा. आधी थोडं पाणी ओता, कणीक पूर्ण झाकली की पातळीवर आतून पेन्सिलीची खूण. मग बरोबर ५०० मिली ओता, दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर ५.९ सेंमी आलं तर ५०० भागिले ५.९, म्हणजे ८४.७ चौरस सेंमी. पाणी गळत असेल तर घाईत खूण करू नका, कणीक बाहेरून अजून चेपा आणि पहिल्यापासून करा.