मंडळीच्या शाळेचं स्थापनावर्ष कसं शोधायचं?

नेवासेकर:
सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, प्राथमिक शाळेची स्मरणिका काढायची ठरली. फलक रंगवणाऱ्याने "स्थापना कधी?" विचारलं आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पाळकसाहेब एक साल सांगतात, आजी म्हणते तिच्या सासऱ्यांनीही इथेच पाटी धरली. कोनशिला नाही. काय करावं?

नगरी_पोरगा:
१८३१ टाका की. मिशन नगरला आली ते साल. सावित्रीबाई फुले मिशनच्या फरारबाईंकडे शिकल्या, तेही छापा. वजन येतं.

निवृत्त_मास्तर:
वजन येतं, पण खोटं. १८३१ हे अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं ठाणं उभं राहिल्याचं साल. त्या दिवशी तुमच्या गावात कुणी फळा टांगला नव्हता. सावित्रीबाईंनी नगरला सिंथिया फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले हे खरं. तुमच्या शाळेशी त्याचा काय संबंध?

मी चौतीस वर्षं अशाच शाळेत काढली, वडीलही तिथलेच मास्तर. या शाळांचं उद्घाटन होत नसे. मास्तर येई, एवढंच. त्याला एक खोली मिळाली की सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी तिथेच उपासना. आमचा फळा उलटा केला की मागे रविवारच्या गीतांचे नंबर असत, आणि सोमवारी ते पुसायचं काम माझं. रात्री मोठ्यांना अक्षरओळख, कुणाचं पत्र वाचून दाखवणं, कुणाचं मयत, सगळं त्याच एका माणसाच्या गळ्यात. पक्की इमारत फार उशिरा झाली, तीही हंगामाला मंडळीने दिलेल्या ज्वारी-बाजरीच्या पैशांतून.

लोक तरी मुलं का पाठवत? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, ते प्रकरण सरकारदरबारी गाजलं. जिथे सरकारी शाळेचा उंबरा चढू देत नव्हते, तिथे या एका खोलीत बसायला जागा होती. स्मरणिकेत हे लिहा.

सालासाठी आधी शाळेचं सगळ्यात जुनं जनरल रजिस्टर काढा. मग मिशनचे वार्षिक अहवाल आणि मिशनने काढलेल्या 'ज्ञानोदय' नियतकालिकाचे जुने अंक पाहा. तो १८४२ पासून निघतोय, गावोगावच्या बातम्या त्यात येत. मिशनऱ्यांची पत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, पण तिथवर जायची वेळ येणार नाही बहुतेक. इमारतीचं नको, पहिल्या मास्तराचं साल शोधा.

नेवासेकर:
मास्तर, रजिस्टर सापडलं! वेदीमागच्या पेटीत, वाळवीने कडा खाल्लेलं. पहिल्या नोंदीत जन्मतारखेपुढे "अंदाजे" आणि बापाच्या धंद्यापुढे "मजुरी". साल मात्र कडेबरोबर गेलंय. खाली मास्तरांचा शेरा आहे चार ओळींचा, पण सगळा मोडीत. इथे कुणाला मोडी वाचता येते का? फोटो टाकतो.

निवृत्त_मास्तर:
टाका. चष्मा घेऊन बसतो.