मृत्युपत्र झालं, पण मधेच अंथरुणाला खिळले तर? मदत हवी आहे

नमस्कार. मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका, साताऱ्यात एकटी राहते. यजमान नाहीत. मुलगी पुण्यात, मुलगा कॅनडात. दोघंही रोज फोन करतात, त्यामुळे प्रश्न मायेचा नाही, कागदांचा आहे.

मृत्युपत्राचं काम झालंय. दोन साक्षीदार, डॉक्टरांचा दाखला आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी. नोंदणी सक्तीची नसते, पण पुढे कुणी शंका काढू नये म्हणून करून घेतली. सोसायटीत नॉमिनेशन मुलीचं आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वाटणी मृत्युपत्राप्रमाणेच होईल, हे दोघांनाही स्पष्ट सांगून ठेवलंय. पण हे सगळं मी गेल्यानंतरचं. मला विचारायचंय ते त्याच्या आधीच्या काळाबद्दल.

सांगलीला माझ्या थोरल्या दिरांना मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण वाचा गेली आणि समजही गेली. भाऊजी फार व्यवस्थित माणूस. प्रत्येक ठेवीला जाऊबाईंचं नॉमिनेशन, शिवाय मुलाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अटर्नी. दवाखान्याचं बिल भरायला ठेव मोडायला गेले, तर बँक म्हणाली की नॉमिनेशन खातेदाराच्या मृत्यूनंतरच लागू होतं. कुलमुखत्यारपत्रही चालेना. वकिलांनी सांगितलं की १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला, नेमका त्याच दिवशी तो निरुपयोगी. शेवटी भाऊजींसाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागलं. डॉक्टरांचे अहवाल, मुलांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं. तोवर जाऊबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्या बाईच्या नावाने सगळं लिहून ठेवलं होतं, तिलाच नवऱ्याच्या औषधासाठी हात पसरावे लागले, हे मला अजून सहन होत नाही. (ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे आपल्या भागातल्या लोकांची मुंबईची फेरी तरी वाचते.)

हे पाहिल्यावर मी बचत खात्यात मुलीचं नाव जोडलं, दोघींपैकी कुणाचीही एक सही चालेल असं. पेन्शनही त्यातच येते. पण मुदतठेवी माझ्या एकटीच्या नावे आहेत. तिथेही नाव जोडायला तयार आहे, पण मुदतीआधी मोडायची तर दोघींच्या सह्या लागतील असं आमच्या शाखेत म्हणाले. म्हणजे अडचण तिथेच. वकिलांनी १८८२ च्या कायद्याखालचा खासगी विश्वस्त निधी (प्रायव्हेट ट्रस्ट) सुचवलाय: ठेवी त्यात टाकायच्या, हयातीत मी विश्वस्त, माझी समज गेली की मुलगी. तत्त्वतः पटतं. पण एक फ्लॅट आणि थोड्या ठेवी असलेल्या माझ्यासारख्या पेन्शनरबाईला हे झेपेल का? पॅन, विवरणपत्र, बँकेत खातं उघडणं, हे कुणी प्रत्यक्ष केलंय का?

दुसरा प्रश्न उपचारांचा. परिचारिका अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणावर होत्या. माझ्या वयाच्या बायकांच्या मनातून ते नाव जात नाही. बरं होण्याची आशा संपल्यावर मला यंत्रांवर ठेवू नये, अशी माझी ठाम इच्छा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला लिव्हिंग विलला, म्हणजे अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. माझ्या वतीने निर्णय घ्यायला एकाहून अधिक माणसांची नावंही देता येतात. मुलीबरोबर मुलाचंही नाव घालायचंय, पण तो परदेशात. ऐनवेळी त्याची संमती मिळेपर्यंत डॉक्टर थांबून राहतील का? मुलीवर एकटीवर तो भार टाकायलाही जीव धजत नाही. आणि कागदाची प्रत नगरपालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. ती कुणी दिली असेल तर कोणत्या खात्यात, आणि पोच मिळाली का, ते कृपया सांगा.

आणखी एक, माझ्या लेखी ठेवींपेक्षा मोठं. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या यजमानांनी कॅसेटवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. जावळी खोऱ्यातल्या ओव्या, माहेरच्या, नदीच्या, भावाच्या. मधेमधे त्या थांबून कोणती ओवी कुणाकडून शिकल्या तेही सांगतात. मृत्युपत्रात यांचा उल्लेख करायला वकील तयार आहेत, पण नुसत्या उल्लेखाने फिती टिकणार नाहीत. काहींना बुरशी दिसतेय. बुरशी आलेली कॅसेट घरी लावून बघावी का, की आधी स्वच्छ करणाऱ्याकडेच द्यावी? पुण्यात किंवा कोल्हापुरात हे काम जपून करणारं कुणी माहीत आहे का? आणि मूळ फिती, ओव्या उतरवलेल्या माझ्या हस्ताक्षरातल्या वह्यांसकट, एखाद्या संस्थेला द्यायच्या तर नातवंडांना ऐकण्याचा आणि वापरण्याचा हक्क राहावा, असा करार कुणी केलाय का?

मुलगा डिसेंबरात येतोय. तो इथे असताना सह्या उरकायच्या आहेत. त्यामुळे विश्वस्त निधीबद्दल आधी कुणी लिहिलंत तर बरं होईल, मसुद्याला वेळ लागतो म्हणून. ओव्यांबद्दल कधीही लिहा.