हाउप्टश्ट्रासेची वाट ब्रँडवाल्यांनी लावली? साफ असहमत

नेकारकाठ (धागाकर्ता):
परवा एका धाग्यावर जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या या मुख्य रस्त्याबद्दल वाचलं: ‘हायडेलबर्गची हाउप्टश्ट्रासे म्हणजे जुन्या गावात घुसवलेला मॉल. मध्ययुगीन बाजार ब्रँडवाल्यांनी गिळला.’ तिथेच उत्तर लिहायला बसलो, आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

कुठलं मध्ययुग घेऊन बसलात? रस्त्याची रेघ मध्ययुगातली, कबूल. पण १६९३ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजेने गाव जाळलं आणि आजची बरीचशी घरं त्यानंतर उठली. आगीतून वाचलेलं, सगळे ज्याच्यापुढे सेल्फी काढतात ते १५९२ चं ‘हाउस त्सुम रिटर’ कुणाचं? शार्ल बेलिए या कापडवाल्याचं! पठ्ठ्याने दर्शनी भिंतीवर स्वतःचे आणि घरच्यांचे चेहरे कोरून घेतले, आणि ‘थोरवी फक्त देवाची’ असं लॅटिनमध्ये लिहून मोकळा झाला. दुकानदाराने स्वतःची याहून मोठी जाहिरात काय करायची?

समोर हायलिगगाइस्ट चर्च. त्याच्या भिंतीच्या टेकूंमधल्या खोबणींत पूर्वीपासून दुकानं आहेत, आज तिथे टुरिस्टांचं सटरफटर विकतात. देवाच्या भिंतीला पाठ लावून धंदा करणारं गाव आत्ता बाजारू झालं म्हणे!

ट्रामवेडा:
तो ‘मॉल’वाला मीच. धंदा पूर्वीही होता, कोण नाही म्हणतंय? पण तेव्हा घरोघरची जुनी दुकानं होती, रस्ता गावकऱ्यांचा होता. १८८५ ला घोड्यांची ट्राम आली, १९०२ ला विजेची. १९७६ मध्ये ती काढली आणि १९७८ मध्ये रस्ता ‘फक्त पायी’ केला. बिस्मार्कप्लाट्झ चौकापासून दीडेक किलोमीटर दगडी फरशी. आमच्या सासूबाई गुडघे धरून अर्ध्यात बसल्या, त्याही कुठे, तर चपलांच्या दुकानाच्या पायरीवर. आतल्या पोरीने उठवलं.

वाल्डॉर्फकर:
बस युनिव्हर्सिटी चौकापर्यंत येते की. सासूबाईंना चालत कशाला नेलंत? (हलके घ्या.)

अवांतर: रस्ता कुणाचा ते राहू द्या, रविवारी तो कुणाचाच नसतो! बहुतेक दुकानं बंद. नवीन आलो तेव्हा रविवारी दूध संपलं, तर स्टेशनवरच्या दुकानात रांग लावून मिळालं, तेही दामदुपटीने.

शुभदा_म्यु:
शनिवारी आणून ठेवायचं! जर्मनीच्या १९१९ च्या वायमार घटनेतलं रविवारच्या सुट्टीचं कलम आजच्या घटनेतही जसंच्या तसं आहे, तुमच्या दुधासाठी बदलणार नाही. आम्ही आलो तेव्हा १९५६ चा कायदा होता: साडेसहाला शटर, शनिवारी दुपारी दोनला. १९८९ ला गुरुवारी साडेआठपर्यंत उघडी राहायला लागली, तर सण असल्यासारखी गर्दी.

वाल्डॉर्फकर:
म्हणजे तुम्ही सोसलंत म्हणून आम्हीही सोसायचं. छान.

शुभदा_म्यु:
काउंटरवरच्या बाईलाही घर असतं. मी अकरा ते आठ उभी राहिलेय, पोटऱ्या अजून बोलतात. तुम्ही लॅपटॉप मिटून सहाला घरी.

पेठेतला:
आमच्या लक्ष्मी रोडवर...

ट्रामवेडा:
लक्ष्मी रोड इथे आणू नका. हात जोडतो.

आळंदीकर:
मराठी माणसाला हायडेलबर्ग म्हणजे खंडोबाचे जर्मन अभ्यासक सोंथायमर, म्हणून उघडला धागा. निघालं दूध.

आता मूळ मुद्दा. ‘पूर्वी घरोघरची जुनी दुकानं होती’ असा गळा काढताना त्यांतली काही कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली तेही विचारा. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ग्रोसे मान्टेलगासे या गल्लीतलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं. ज्यूंचे धंदे पडेल भावात ‘आर्यां’च्या नावावर झाले. २२ ऑक्टोबर १९४० ला बाडन प्रांतातल्या ज्यूंना गाड्यांत भरून फ्रान्समध्ये गुर्सच्या छावणीत धाडलं. बाँबने हे गाव फारसं मोडलं नाही, म्हणून भिंती तशाच राहिल्या. दारावरची नावं बदलली. तेव्हा ‘रस्ता गावकऱ्यांचा’ होता ना?

ट्रामवेडा:
मी ट्रामबद्दल बोलत होतो. मला कुठे नेऊन बसवताय?

आळंदीकर:
‘गावकऱ्यांचा रस्ता’ हे तुमचेच शब्द.

नेकारकाठ:
आळंदीकर, बिनतोड. +१. माझ्या धाग्यात हे असायला हवं होतं असं कुणी म्हणायच्या आत सांगतो: मी घरांबद्दल लिहीत होतो.

आळंदीकर:
हो ना. कापडवाल्याची बायकापोरं भिंतीवर दिसली, पुढचे दुकानदार दिसले नाहीत. चालायचंच.

ट्रामवेडा:
बरं, गावकऱ्यांचा नव्हता. खूश? पण आज भाडं परवडतं कुणाला, ते सांगा. ५२ नंबरच्या घरात किर्खहोफ या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेघांचं कोडं सोडवलं. लोक आज तिथून टी-शर्टच्या पिशव्या घेऊन जातात, पाटीकडे ढुंकून बघत नाहीत.

नेकारकाठ:
ट्राममधून जाणारे उतरून वाचायचे बहुतेक.

वाल्डॉर्फकर:
इतिहास चालू द्या. रविवारी सहा पाहुणे आहेत, स्टेशनवर कोथिंबीर मिळते का?

शुभदा_म्यु:
शनिवारी आणा.