मिशिगनची मतपत्रिका एवढी लांब का?

प्रश्न (जुळे सोलापूर): अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने नोव्हेंबर 2022 च्या मतपत्रिकेचा फोटो पाठवला होता. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसूनही कागदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. याला मध्यावधी निवडणूक म्हणतात, मग तिथले सरकार पडले होते काय?

उत्तर: नाही. आपल्याकडे मध्यावधी म्हणजे सभागृह मुदतीपूर्वी विसर्जित झाल्यामुळे लादली गेलेली निवडणूक. तिथे मात्र ती राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मध्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी, ठरल्याप्रमाणे होतेच. मिशिगनचा गव्हर्नरही (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभार पाहणारा प्रमुख) तेव्हाच निवडला जातो.

उत्तर: लांबीचे कारण असे की, आपण ज्या पदांवर नेमणुका करतो त्यांपैकी अनेक पदे, उदाहरणार्थ राज्याचा ॲटर्नी जनरल (मुख्य कायदा अधिकारी), राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, इतकेच काय तीन मोठ्या विद्यापीठांची नियामक मंडळेसुद्धा, तिथे सामान्य मतदार निवडतो. (आपल्या विद्यापीठाच्या अधिसभेसाठी पदवीधर म्हणून नाव नोंदवताना माझी तीन हेलपाट्यांत दमछाक झाली होती.) शिवाय त्या वर्षी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालण्याचा प्रस्तावही मतदारांपुढे होता आणि तो संमत झाला.

उत्तर: बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार याच निवडणुकीत डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. खरी चुरस मात्र पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ऑगस्टमधील पक्षांतर्गत निवडणुकीत होती. नऊ उमेदवारांत सुमारे 28 टक्के मते त्यांना पुरली. मतविभागणीचे हे गणित सोलापूरकरांना वेगळे शिकवायला नको.