ग्रामपंचायतीचं लाइट बिल कमी करायचंय, सोलरला पैसा कुठून आणायचा?

उपसरपंच_माणदेश
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच निवडून आलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. गाव साडेतीन हजार वस्तीचं, नळयोजनेची विहीर दोन किलोमीटरवर, तिथं १५ एचपीची मोटर, आणि गावात १८० खांब. घरपट्टी पाणीपट्टी मिळून जी काय वसुली होते त्यातली निम्मी लाइट बिलात जाते, मागच्या उन्हाळ्यात थकबाकीपायी पथदिव्यांचं कनेक्शन तुटलं आणि आठ दिवस अख्खं गाव अंधारात, लोकांनी मला पारावर अडवून अडवून विचारलं. आता एक सोलरवाला रोज फोन करतोय, साहेब सगळं सोलर करून टाकू, बत्तीस लाख द्या फक्त. फक्त! आमदार फंड मागावा की कर्ज निघतं की अजून काही मार्ग असतो? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, कोटेशन पाठवू नका प्लीज.

जुना_लेखापाल
मी नगरपालिकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षं काढली म्हणून हक्कानं सांगतो, त्या माणसाचा फोन महिनाभर उचलू नका. आधी दोन वर्षांची सगळी बिलं टेबलावर पसरा आणि प्रत्येक ग्राहक क्रमांकासमोर मीटर कुठं आहे ते स्वतः जाऊन बघा. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की बंद पडलेल्या जकात नाक्याचं बिल आम्ही सहा वर्षं इमानेइतबारे भरत होतो.
मग साधा हिशोब मांडा. ४० वॉटची ट्यूब चोकसकट ५० खाते, तिथं २० ची एलईडी लावली की १८० खांबांचे ११ तासांचे रोज जवळपास ६० युनिट वाचतात. मोटर १५ एचपी म्हणजे साधारण ११ किलोवॅट, आठ तास चालली तर ९० युनिट, आणि वाटेत खराब व्हॉल्व्हमधून पाव पाणी गळत असेल तर त्यातले वीसबावीस युनिट रोज ओढ्याला. ते व्हॉल्व्ह बदलायला बत्तीस लाख लागत नाहीत.
पैशाचं म्हणाल तर केंद्राकडून पंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, १५व्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या विभागणीत त्यातला ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित होता. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता, मोटरचं काम त्यात बसवा, दिवे अबंधितमध्ये. पण विकास आराखड्यात घेतलं नसेल तर ग्रामसेवक हात वर करणार, म्हणून ग्रामसभेचा ठराव आधी.

गायरानवाला
तुमच्याकडं पडीक गायरान असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० बघा, शेतीपंपांना दिवसा वीज द्यायला सोलर प्रकल्प उभारायची राज्याची योजना. प्रकल्प तुमच्या हद्दीत झाला की ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात, एलईडीचा खर्च त्यातच निघेल. फक्त एक, आमच्याकडं मेंढरं कुठं चारायची यावरून ग्रामसभा रात्री दहापर्यंत चालली आणि शेवटी ठराव पडला. मेंढपाळांशी आधी बोला, मोजणीवाले आल्यावर नको.
आणि हो, पीएम सूर्यघरमध्ये गावातल्या घरांवर सोलर बसलं की घरामागं १,००० रुपये पंचायतीला मिळायची तरतूद आहे. थोडेच आहेत पण मागितल्याशिवाय कोण देतंय.

कोइमतूरकर
कर्जाचं विचारलंत म्हणून लिहितो, मी नोकरीनिमित्त इकडं तमिळनाडूत कोइमतूरला असतो. जवळच ओडनतुरै म्हणून पंचायत आहे, त्यांनी २००६ मध्ये ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली, खर्च १ कोटी ५५ लाख, त्यातले ४० लाख स्वतःच्या गाठीचे आणि बाकी बँकेचं कर्ज. गावाला लागून उरलेली वीज विकून हप्ते फेडले. पण ४० लाख शिल्लक असलेली पंचायत होती ती, हे विसरू नका.
इंदूर महापालिकेनं २०२३ ला २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घ्यायचे कर्जरोखे, काढले ते नर्मदेचं पाणी उपसायच्या बिलासाठीच, खरगोन जिल्ह्यात ६० मेगावॉटचा सोलर प्रकल्प. म्हणजे दुखणं तुमचंच, आकडे मोठे. बॉण्डला रेटिंग लागतं, वर्षानुवर्षांचं ऑडिट लागतं, ते आपल्या गावाचं काम नाही.

माजी_सरपंच_७
सोलर पथदिवे घेऊ नका रे बाबा!! आम्ही चाळीस घेतले, फोटो काढले, पेढे वाटले, दुसऱ्या पावसाळ्यात अकरा चालू. बॅटऱ्या चोरीला, ज्यानं बसवले त्याचा फोन लागत नाही, आणि दुरुस्तीला निधी मागितला तर म्हणे ही मालमत्ता तुमची. साध्या खांबावर एलईडी लावा, आणि पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे टेंडरमध्येच धरा, थोडे राखून ठेवा म्हणजे तो माणूस परत येतो.

एनर्जी_ऑडिटवाला
अजून एक मार्ग असतो, कंपनी स्वतःच्या पैशानं दिवे बदलते आणि तुम्ही वाचलेल्या बिलातून तिला फेडता. २०१५ पासून केंद्राच्या पथदिवे कार्यक्रमात हेच चालतं, बरेचदा सात वर्षांचा करार. कागदावर झकास. पण गोम बेसलाइनमध्ये आहे, म्हणजे बचत मोजायला आधीचा वापर किती धरला त्यात. समजा आज १८० पैकी ७० दिवे बंदच आहेत, करारात मात्र १८० चालू धरले, मग नवे सगळे पेटल्यावर बिल फारसं उतरत नाही तरी बचत झाली म्हणून हप्ता द्यावाच लागतो. म्हणून सहीआधी रात्री फिरून चालू दिवे मोजा, व्हिडिओ काढा.
उपसरपंच, तुमच्या पथदिव्यांना मीटर आहे ना? बिल सरासरीवर येत असेल तर कितीही वाचवा, कागदावर काहीच दिसणार नाही.

उपसरपंच_माणदेश
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री दोन पोरं घेऊन मोजले, १८० पैकी ११३ चालू. त्यातले शाळेमागचे सकाळी नऊलाही चालूच, कारण खटका पाडायला शिपाई सायकलवर जातो आणि त्याची सायकल पंक्चर आहे म्हणे, कधीपासून ते सांगत नाही. मीटर तीन आहेत, एकाची काच काळी पडलीय, दुसऱ्याची पेटी उघडली तर आत गांधीलमाश्यांचं पोळं, तिसरा तेवढा फिरतोय. उद्या अर्ज टाकतोय दोन्हीचा. लेखापाल साहेब, तो व्हॉल्व्हचा खर्च बंधितमध्ये दाखवताना शीर्षक काय लिहायचं तेवढं सांगा, आमचा ग्रामसेवक नवीनच आहे.