मदत हवी आहे: नगरपरिषदेच्या सभेत पाणीपट्टी वाढली म्हणतात, पण नक्की काय मंजूर झालं ते कुठे बघायचं?

नमस्कार मंडळी, थोडं लांब होईल, आधीच सांगून ठेवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तालुक्याचं ठिकाण आहे, नगरपरिषद आहे, एवढं पुरे.

आमच्याकडे चार वर्षं प्रशासक होते, डिसेंबर २०२५ मध्ये एकदाची निवडणूक झाली, तर म्हटलं आता सभा चालते तरी कशी ते एकदा जाऊन बघावं. सभेला कुणीही जाऊन बसू शकतं हे मला माहीतच नव्हतं, शेजारच्या काकांनी सांगितलं (रिटायर्ड तलाठी, त्यांना सगळं माहीत असतं, नसलं तरी सांगतात). गेले. मागे सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक मोडकी, आणि माईक फक्त पुढच्यांना, त्यामुळे अर्धं बोलणं अंदाजानेच.

विषयपत्रिकेवर १७ विषय. पहिला मागील सभेचं इतिवृत्त (म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद) कायम करणे, तो झाला. मग महिला बालकल्याणच्या ५ टक्के निधीतून शिवणकामाचा क्लास घ्यायचा का ब्युटी पार्लरचा यावर पाऊण तास. मग हायमास्ट दिव्यावरून दोन नगरसेवकांची जुंपली, कारण खांब दोन प्रभागांच्या बरोबर मधे येतोय आणि पाटी कुणाच्या नावाची लावायची. आणि मग विषय क्र. ११, "पाणीपुरवठा विभागाच्या टिप्पणीवर विचार करून निर्णय घेणे". बास, एवढंच छापलेलं. सूचक कोण, अनुमोदक कोण काही ऐकू आलं नाही, पुढून कुणीतरी म्हणालं वाचलं असं समजा, मंजूर मंजूर, पुढचा विषय. मी बाटली उघडून एक घोट पाणी पिऊन झाकण लावलं तेवढ्यात झालं. खोटं नाही सांगत.

आता गल्लीत बातमी आहे की अर्ध्या इंची घरगुती जोडणीचे वर्षाचे १८०० होते ते एक एप्रिलपासून २७०० होणार. कुणी म्हणतं तीन हजार, कुणी म्हणतं मीटरच बसवणार आहेत. व्हॉल्व्हमनला विचारलं तर म्हणतो, "ताई मला काय विचारता, मला फक्त चावी फिरवायला ठेवलंय."

वाढच नको असं माझं म्हणणं नाही. पाणी उचलायचं म्हणजे पंपांचं लाईट बिल आलं, तुरटी आली, माणसांचे पगार आले, ते काही फुकट होत नाही. पण आम्हाला चौथ्या दिवशी पाऊण तास पाणी येतं, म्हणजे वर्षातनं ९१ वेळा धरा, २७०० भागिले ९१, एका पाण्याचे जवळजवळ ३० रुपये. आणि पाणी तरी किती? गल्लीच्या तोंडाशी चार घरं नळाला डायरेक्ट मोटर लावतात, आमचं घर शेवटचं, आमच्याकडे करंगळीएवढी धार. मंगळवारी दोन पिंपं आणि एक कळशी, तेवढ्यात गेलं. माणशी १३५ लिटर असं नियोजनात धरतात म्हणे, इथे घरात आम्ही पाच माणसं आहोत, तुम्हीच हिशोब करा. मोटरवाल्यांना २७०० आणि आम्हालाही २७००.

ऑफिसला गेले होते ठरावाची नक्कल मागायला. क्लार्क म्हणाला इतिवृत्त अजून कायम व्हायचंय, पुढच्या सभेनंतर या. तोवर एप्रिल उजाडेल आणि बिल हातात पडेल. तर मला हे विचारायचंय की तोपर्यंत खरंच काहीच बघायला मिळत नाही का? आणि कुणीतरी म्हणालं कलेक्टरकडे कलम ३०८ खाली अर्ज टाका, ठराव थांबतो, ते खरं आहे का?

अजून एक, त्याच सभेत दिव्यांगांच्या ५ टक्के निधीचा खर्च पण असाच मंजूर झाला. माझ्या दिराकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, त्याला आजवर एक रुपया मिळालेला नाही. अर्ज कुठे करायचा?

प्रतिसाद:
ताई, मी दुसऱ्या जिल्ह्यात नगरपरिषदेच्या सभा विभागात होतो म्हणून सांगतो. इतिवृत्त कायम व्हायचंय हे खरं असेल, पण तुम्हाला इतिवृत्त नकोच आहे आत्ता. तुम्हाला ती टिप्पणी पायजे, म्हणजे त्या विषयावर विभागाने सभेपुढे ठेवलेलं लेखी टिपण. ती सभेच्या आधीच तयार असते, त्यावर सह्या असतात, जुना दर नवा दर, योजनेवरचा खर्च, वसुली सगळं त्यातच असतं. ती मागा. माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आपल्या राज्यात १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, म्हणून पाणी आणि दिव्यांग निधी एका अर्जात घालू नका, तिथेच अडकवतात. आणि "दरवाढ का केली" असं विचारू नका, उत्तर येईल की हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कागद मागा, "विषय क्र. ११ ची टिप्पणी व त्यावरील ठरावाची साक्षांकित प्रत", एवढंच. ३० दिवसांची मुदत असते, नाही दिलं तर तिथेच पहिलं अपील.

३०८ आहे, १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातलं कलम, कलेक्टर ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण ठराव बेकायदेशीर आहे किंवा लोकांना त्याचा उपद्रव होईल असं काहीतरी दाखवावं लागतं, नुसतं महाग झालं एवढ्यावर अवघड. शिवाय ठराव हातात नसताना अर्ज लिहिणार कशावर? आधी कागद.

प्रतिसाद:
मीटरला एवढं घाबरू नका. माझी बहीण कराडजवळ मलकापूरला असते, तिथे चोवीस तास पाणी आहे तेही मीटरवर, जास्त वापराल तसा दर चढत जातो. तुमच्यासारख्या दोन पिंपवाल्यांचं त्यात भलंच होईल. बोंबलतील ते मोटरवाले. फक्त आधी पाणी नीट द्या आणि मग मीटर लावा, नाहीतर मीटर हवाच मोजत बसतं.

प्रतिसाद:
दिराचा अर्ज नगरपरिषदेतच द्यायचा, यूडीआयडीची झेरॉक्स, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक जोडून. पोच घ्याच. आमच्याकडे पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार, विशेषतः सभा विभागवाल्या दादांचे. टिप्पणी आणि इतिवृत्त वेगळं असतं हे क्लार्कने सांगितलं असतं तर हेलपाटा वाचला असता, पण असो. अर्ज लिहिलाय, १५० शब्दांत बसवताना मोटरवाल्यांचा अख्खा परिच्छेद कापावा लागला, जिवावर आलं. काका म्हणतात आपल्या प्रभागातल्या दोन्ही नगरसेवकांना पण एकेक प्रत देऊ, विषयाला मंजूर म्हणताना त्यांनी टिप्पणी वाचली होती का ते तरी कळेल.

दोन्ही अर्ज उद्याच देणार होते, पण उद्या आमचं पाणी आहे, साडेसहा ते सव्वासात, कधी कधी दहा वाजेपर्यंत वाट बघायला लावतात. परवा जाते, पोच मिळाली की इथे सांगते.